ओळीवरचं बोट

आमची आजी शाळेत गेली नव्हती, पण श्रावणी सोमवारी शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचायची. पोथी पुढ्यात, बोट ओळीवर आणि मांडीला टेकून आम्ही पोरं. पुढे कळलं, वर्तमानपत्रातलं एक वाक्यही तिला धड लागत नसे. अध्याय पाठ होता. बोट आपलं पाठांतरामागून चालायचं. तेव्हा हसू आलं. आता वाटतं, चार वर्षांचं पोर ऐकून ऐकून पाठ झालेली गोष्ट पुस्तक धरून ‘वाचून दाखवतं’, तेव्हा तेही हेच करत असतं. छापलेल्यातून बोलणं निघतं, हे त्याला उमगलेलं असतं. अक्षरओळख मागाहून होते.

१९६१च्या जनगणनेत महाराष्ट्रात साक्षर होते शंभरातले पस्तीसेक. म्हणजे कित्येक घरांत वाचून दाखवणारं कुणी नव्हतंच. कान मात्र उपाशी नव्हते. जात्यावरच्या ओव्या, उखाणे, कोडी, दिवेलागणीचा परवचा. यमक ओळखणारा कान शब्द फोडायलाही लवकर शिकतो. शाळेनं ही शिदोरी कधी उघडून पाहिली नाही, ही माझी जुनी तक्रार.

अपवाद होते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं. गरिबाघरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या साथीनं तेच आदिवासी पाड्यांत चाललं. १९७५ साली सरकारी बालविकास योजना आली, तिनं नाव उचललं. अंगण मात्र खिचडीच्या पातेल्यामागे झाकलं गेलं. फलटणला मॅक्सीन बर्नसन या जन्मानं अमेरिकन भाषाभ्यासक बाईंनी १९७८ साली प्रगत शिक्षण संस्था काढली. घरची बोली घेऊन येणाऱ्या मुलाला ‘अशुद्ध’ म्हणून गप्प करायचं नाही, त्याच्या बोलण्यावरच वाचन उभं करायचं, हा त्यांचा आग्रह.

घरात छापील कागद हळूहळू शिरला. १९५२ पासून मराठीत चांदोबा, १९७१ पासून बालभारतीचं किशोर. अंक एक आणि वाचणारे शेजारपाजारचे धरून दहा, त्यामुळे पोटात काय आहे ते थोरल्या भावंडाच्या तोंडूनच धाकट्यांना कळायचं. पण माझ्या मते खरी कामगिरी भिंतीवरच्या कॅलेंडरनं केली. कालनिर्णय १९७३चं. पुस्तक विकत न घेणाऱ्या घरातही ते खिळ्याला टांगलेलं असे. आई तारखेच्या चौकोनात ‘गॅस’ लिही, दुधाचा खाडा मांडी. सण कधी आणि आत्या कधी येणार, हे त्याच चौकोनांत शोधायचं. वाचणं रोजच्या उपयोगाचं असतं, हे मुलांना कुणी सांगावं लागलं नाही. माधुरी पुरंदरे यांच्या चित्रपुस्तकांतली घरं पाहताना मला ही भिंत आठवते.

मग मार्च २०२० आला आणि शाळाच घरात येऊन पडली. फोनवर धडे येत, फोन वडलांबरोबर कामावर जाई. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत देशभरातल्या खेड्यांमधल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ साली २०.९ टक्के होती. २०२२ साली १६.३ उरली. २०२४ साली आकडा २३.४ वर गेला. हे श्रेय एकट्या घराचं नव्हे, शिक्षकांनीही कष्ट उपसले. पण दरम्यान आपल्याकडे वस्त्यावस्त्यांत मुलांना घरी शिकवू पाहणाऱ्या आयांचे माता गट उभे राहिले, आणि जिला कधी शाळेनं काही विचारलं नव्हतं ती आई ओट्यावर बसून पोराकडून गोष्ट वदवून घेऊ लागली.

परवा शेजारच्या घरी गेले. साडेतीन वर्षांची नात खुर्चीवर चढून कॅलेंडरवर बोट फिरवत होती. एका चौकोनावर थांबली आणि ठासून म्हणाली, “गॅस!” तिथे ‘लाइट बिल’ लिहिलं होतं. तिची आजी म्हणाली, “हो गं बाई, तसंच काहीतरी. पुढे काय लिहिलंय?”