विश्लेषण : वैमानिक विजय तांबे गेले कुठे?

धुळे तालुक्यातील बोरविहीरचे जवान चंदू चव्हाण सप्टेंबर २०१६मध्ये नियंत्रण रेषेपलीकडे गेले, तेव्हा सारा खान्देश बातमीकडे डोळे लावून बसला होता. २१ जानेवारी २०१७ रोजी ते वाघा सीमेवरून परतले. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे मात्र १९७१च्या युद्धात गेले, ते आजवर परतलेले नाहीत.

नेमके काय घडले?

युद्धाला डिसेंबरच्या ३ तारखेला तोंड फुटले. त्यानंतर दोनच दिवसांच्या आत हवाई दलाच्या ३२व्या स्क्वाड्रनचे तांबे सुखोई-७ विमानातून शोरकोट रोड विमानतळावर हल्ल्यासाठी गेले. त्यांचे विमान पाडले गेले. त्याच सुमारास 'संडे पाकिस्तान ऑब्झर्व्हर'ने पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याचे छापले. त्यात एक नाव होते 'टॉम्बे'. तांबेंच्या पत्नी दमयंती राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झाले होते. आपला माणूस जिवंत आहे, हे घरच्यांना वर्तमानपत्रातून कळले ते असे.

इतर वैमानिक सुटले कसे?

सुखोई-७ चेच वैमानिक दिलीप पारुळकर १० डिसेंबरला पकडले गेले. त्यांनी तर दोन साथीदारांसह रावळपिंडीच्या छावणीची भिंत पोखरून पळ काढला. अफगाण सीमेजवळ लंडी कोतलला पुन्हा सापडले, तरी १ डिसेंबर १९७२ रोजी मायदेशी आले. फरक होता यादीचा. जिनिव्हा करारानुसार कैद्याचे नाव त्याच्या देशाला कळवावे लागते. नाव कळवले की त्याचा हिशेब द्यावा लागतो. ते आलेच नाही, तर कागदावर तो कैदी नसतोच. २०१९मध्ये अभिनंदन वर्धमान यांची चित्रफीतच जगाने पाहिली, त्यामुळे नाकारायला जागा उरली नव्हती.

शोध कुठवर आला?

शिमला करारानंतर भारताने सुमारे ९३ हजार कैदी परत पाठवले. तेव्हाच या नावांचा आग्रह का धरला नाही, हा कुटुंबांचा सवाल रास्तच म्हणावा लागेल. नातेवाईक १९८३मध्ये आणि पुन्हा जून २००७मध्ये पाकिस्तानातील तुरुंगांत जाऊन आले. हाती काही लागले नाही. आमच्याकडे एकही युद्धकैदी नाही, असे पाकिस्तान सांगतो. भारताच्या नोंदीत बेपत्ता संरक्षण कर्मचाऱ्यांचा आकडा आता ८३ आहे.