आंदोन (उत्पादन पद्धती)

आंदोन ही कारखान्यातील अडचण उद्भवताच ती सर्वांच्या निदर्शनास आणणारी जपानी पद्धत आहे. जपानी भाषेत आंदोन म्हणजे कागदी कंदील. टोयोटा कंपनीमुळे ही पद्धत जगभर परिचित झाली. साकिची तोयोदा यांच्या, धागा तुटताच आपोआप थांबणाऱ्या यंत्रमागात या विचाराचे मूळ आहे.

मोटारीची जुळणी करणाऱ्या कामगाराला दोष आढळला, की तो डोक्यावरची दोरी ओढतो. फलकावर त्याच्या जागेचा दिवा लागतो आणि गटप्रमुख तेथे येतो. ठरलेल्या टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही, तरच सरकता पट्टा थांबतो.

दोरी ओढणाऱ्यास बोल न लावणे ही या पद्धतीची खरी अट होय. विभागप्रमुख रागावू लागला, तर दिवे लागणे थांबते, दोष मात्र मोटारीबरोबर पुढे जातात. त्यामुळे एकही दिवा न लागलेली पाळी ही निर्दोष कामाची खूण असेलच असे नाही. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला होता. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो 'नुम्मी' या नावाने पुन्हा सुरू झाला, तेव्हा कामगार बहुतांशी जुनेच होते. दोरी ओढण्याचा अधिकार मात्र नवा होता. वाहनांचा दर्जा लवकरच सुधारला. अनेक कारखान्यांत आता दोरीऐवजी बटण असते.