क्लार्कसनची पेटी

गेल्या आठवड्यात आपण गुलामांच्या बाजूने लढणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्पपाशी थांबलो होतो. इंग्लंडात आणलेल्या गुलामाला मालक जबरदस्तीने जहाजावर चढवून परदेशी नेऊ शकत नाही, असा निकाल १७७२च्या सॉमरसेट खटल्यात लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी दिला. पण त्या निकालाने समुद्रावरच्या धंद्याला धक्का लागला नाही. ब्रिस्टल आणि लिव्हरपूलहून निघालेली जहाजे कापड, बंदुका, दारू घेऊन पश्चिम आफ्रिकेला जात, तिथे माणसे भरत, ती वेस्ट इंडीजमध्ये विकत आणि साखर घेऊन घरी परतत. इंग्लंडातल्या माणसाच्या नजरेस पडे ती एवढी साखर. मधल्या फेऱ्यात काय घडते हे त्याला दिसत नसे, आणि ते दिसू नये यातच व्यापाऱ्यांचे हित होते.

हे झाकलेले उघड करण्यात ज्याने ऐन तारुण्य घालवले, तो थॉमस क्लार्कसन. जन्म १७६०, गाव विस्बेच. शिक्षण केंब्रिजला, पुढे धर्मोपदेशक व्हायचे हे ठरलेले. १७८५ साली विद्यापीठाने लॅटिन निबंधस्पर्धेला विषय दिला : माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणे न्याय्य आहे काय? क्लार्कसनला या विषयातले काहीच ठाऊक नव्हते. आदल्या वर्षी बक्षीस मिळाले होते, यंदाही मिळवायचे, एवढीच ईर्षा. पण फिलाडेल्फियाचे क्वेकर पंथीय शिक्षक अँथनी बेनेझेट यांचे पुस्तक हाती आले आणि झोप उडाली. रात्री सुचेल ते लगेच टिपता यावे म्हणून तो खोलीत मेणबत्ती जळती ठेवून झोपू लागला. निबंधाला पहिले बक्षीस मिळाले. ते घेऊन घोड्यावरून लंडनला जाताना वाटेत, हर्टफर्डशरमधल्या वेड्समिल गावाजवळ, तो खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेला बसून राहिला. आपण लिहिले ते सारे खरे असेल, तर कोणीतरी हे थांबवायलाच हवे, हा विचार त्याला पुढे जाऊ देईना. तेव्हा त्याचे वय होते पंचवीस.

२२ मे १७८७ रोजी लंडनमध्ये एका छापखान्यात बारा जण जमले आणि गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी समिती स्थापन झाली. बारापैकी नऊ क्वेकर होते. उरलेल्यांत शार्प आणि क्लार्कसन. संसदेत बाजू मांडायला विल्यम विल्बरफोर्स तयार झाले. पण मांडायचे काय? व्यापाऱ्यांचे म्हणणे असे की, आफ्रिकेतून आणलेली माणसे युद्धकैदी किंवा गुन्हेगार असतात, जहाजावर त्यांची नीट व्यवस्था असते, आणि या धंद्यातच ब्रिटिश आरमाराचे खलाशी तयार होतात. खोडून काढायला पुरावा हवा होता. तो आणायला समितीने क्लार्कसनला बंदरांकडे पाठवले.

ब्रिस्टलमध्ये ‘सेव्हन स्टार्स’ नावाच्या गुत्त्याच्या मालकाने त्याला साथ दिली. मध्यरात्रीनंतर दोघे खलाशांच्या अड्ड्यांवर जात. दारू पाजून, कर्जात अडकवून पोरांना गुलामवाहू जहाजांवर कसे चढवले जाते, हे क्लार्कसनने तिथे डोळ्यांनी पाहिले. मग तो जहाजांच्या हजेरीपटांकडे वळला. कोण चढला, कोण परतला, कोण मेला, अशी वीस हजारांवर खलाशांची माहिती त्याने गोळा केली. त्यातून निघालेला निष्कर्ष व्यापाऱ्यांच्या वर्मी लागला. बाकीच्या सगळ्या व्यापारी जहाजांवर मिळून दोन वर्षांत जितके खलाशी दगावत, त्याहून जास्त एकट्या गुलामांच्या धंद्यात एका वर्षात दगावत होते. आरमाराला माणसे पुरवणारा म्हणून मिरवला जाणारा धंदा माणसे गिळत होता.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. क्लार्कसनचे काळीज तुटत होते ते आफ्रिकी माणसांसाठी. पण संसदेतल्या कित्येकांना त्यांचे काहीच वाटत नाही, हे तो ओळखून होता. म्हणून त्याने आधी त्यांच्याच खलाशांचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवला. आपले दुःख ज्याच्यापर्यंत पोचतच नाही, त्याला ऐकू जाईल अशा भाषेत बोलणे याला मी तडजोड म्हणणार नाही.

लिव्हरपूलच्या एका दुकानात त्याला हातकड्या, पायातल्या बेड्या आणि अंगठे चिरडायचा शिकंजा दिसला. शेजारी कात्रीसारखे एक अवजार होते. दातखीळ बसलेल्या रोग्याचे तोंड उघडायला वैद्य ते वापरत. जहाजावर त्याचा उपयोग अन्न नाकारून मरू पाहणाऱ्या गुलामांचे जबडे फाकवण्यासाठी होई. या वस्तू उघड विक्रीला होत्या. क्लार्कसनने त्या विकत घेतल्या. त्याच शहरात धक्क्यावर आठ-नऊ जणांनी त्याला घेरून पाण्याच्या कडेशी रेटत नेले. उंचापुरा, धिप्पाड होता म्हणून मुसंडी मारून सुटला.

हे पुरावे ठेवायच्या पेटीत त्याने बेड्यांबरोबर आणखीही काही भरले, आणि मला तोच भाग अधिक विचारपूर्वक केलेला वाटतो. आफ्रिकेतले हस्तिदंत, मिरी, डिंक, नीळ, तऱ्हेतऱ्हेची लाकडे, तिथल्या विणकरांचे सुती कापड, चामड्याचे काम. ही माणसे कारागीर आहेत, त्यांच्याशी मालाचा व्यापार करता येईल, माणसांचा कशाला, हे त्या नमुन्यांनीच सांगावे अशी योजना. पंतप्रधान पिट यांनी या वस्तू हातात घेऊन पाहिल्या. १७८८ साली प्रिव्ही कौन्सिलच्या समितीपुढेही पेटी उघडली गेली.

तरीही एक दुवा तुटलेला होता. गावांवर छापे घालून माणसे पळवली जातात, हे स्वतः पाहिलेला साक्षीदार मिळेना. कुणीतरी सांगितले, असा एक खलाशी आहे, आता आरमाराच्या कुठल्याशा जहाजावर असतो. नाव माहीत नाही, जहाज माहीत नाही. क्लार्कसन निघाला. थेम्सकाठची बंदरे, मग पोर्ट्समथ, मग प्लिमथ. एकेका जहाजावर चढायचे, विचारायचे, उतरायचे. तीनशेहून अधिक जहाजे झाल्यावर प्लिमथला ‘मेलॅम्पस’ या जहाजावर आयझॅक पार्कर भेटला. कालाबार नदीत होड्यांतून जाऊन रात्री गावे लुटताना आणि माणसे बांधून आणताना त्याने पाहिले होते. ती साक्ष संसदेच्या समितीपुढे झाली.

‘ब्रुक्स’ या गुलामवाहू जहाजाचे चित्र पुष्कळांनी कुठेतरी पाहिलेले असते. प्लिमथच्या समितीने ते आधी छापले; क्लार्कसन आणि लंडनच्या मंडळींनी १७८९ मध्ये त्याला पूर्ण रूप दिले. एकाला एक चिकटून झोपवलेल्या ४८२ आकृत्या, प्रत्येक पुरुषाला सहा फूट लांब आणि सोळा इंच रुंद जागा. याच जहाजाने पूर्वी एका फेरीत ६०९ माणसे नेली होती.

१७९१ मध्ये व्यापारबंदीचा ठराव संसदेत ८८ विरुद्ध १६३ मतांनी पडला. तेव्हा लोकांनी साखरच सोडली. क्लार्कसनच्या अंदाजाने तीन लाख माणसांनी, आणि त्यात घर चालवणाऱ्या बायकांचा वाटा मोठा. सात वर्षांत सुमारे ३५,००० मैल हिंडून १७९४ मध्ये क्लार्कसनची प्रकृती पार ढासळली आणि त्याला काही वर्षे दूर व्हावे लागले. व्यापारबंदीचा कायदा अखेर २५ मार्च १८०७ रोजी झाला. खुद्द गुलामगिरी संपवणारा कायदा आला १८३३ मध्ये, आणि त्यात दोन कोटी पौंडांची भरपाई मालकांना मिळाली. गुलामांना एक पेनीही मिळाली नाही, हा त्या कायद्यावरचा डाग आहे.

अमेरिकेत हाच लढा आणखी तीस वर्षे आणि एका यादवी युद्धापर्यंत चालला. तिथल्या ज्या सज्जनांनी तो लढवला, त्यांनाच जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ अर्पण केले.

१८३८ मध्ये विल्बरफोर्स यांच्या मुलांनी वडिलांचे चरित्र लिहिताना क्लार्कसनचे काम फार कमी लेखले. त्याचे म्हाताऱ्या क्लार्कसनला अतिशय दुःख झाले. पण १८४० मध्ये लंडनला गुलामगिरीविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा पहिले भाषण करायला उभे केले ते ऐंशी वर्षांच्या त्यालाच. पेटी आज विस्बेचच्या संग्रहालयात आहे, आणि आफ्रिकी विणकरांचे ते कापडही.

तिच्यात वस्तू होत्या. स्वतः गुलाम राहिलेल्या एका माणसाचा आवाज आत्मचरित्राच्या रूपाने लंडनला ऐकू आला १७८९ साली, ‘ब्रुक्स’चे चित्र घरोघरी पोचत होते त्याच सुमारास. त्या आत्मचरित्राचा लेखक ओलौदा इक्वियानो याच्याविषयी पुढच्या आठवड्यात.