किल्ली फिरवण्याआधी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दाना ओलीच्या आसपासच्या दाट वस्तीतून गाडी काढून पेट्रोल पंपावर गेलेला माणूस सहसा खाली उतरत नाही. काच खाली करून ‘दो हजार का डाल दो’ म्हणतो आणि फोन हातात घेतो. या वाक्यात रक्कम आहे, इंधनाचे नाव नाही. क्रेटा किंवा थार पेट्रोलवरही मिळते आणि डिझेलवरही. नळी धरणाऱ्या कामगाराला बाहेरून फरक कळणे अवघड. ब्रिटनसारख्या देशांत चालक स्वतः इंधन भरतो, तेव्हा चुकीचे इंधन पडले तर चूकही त्याचीच. आपल्याकडे ती दोघांत विभागलेली असते. म्हणून ती टाळण्याची सोय कुणाच्या स्मरणशक्तीवर न सोडता भरण्याच्या पद्धतीतच हवी.

नुकसान किती, हे चूक कोणत्या बाजूने झाली यावर ठरते. पेट्रोल गाडीत डिझेल पडले तर ठिणगीने ते नीट पेटत नाही. गाडी अडखळते, धूर सोडते, बंद पडते. टाकी आणि प्लग साफ केले की बहुधा निभावते. डिझेल गाडीत पेट्रोल पडणे महागात जाते, कारण तिथे डिझेल हेच उच्चदाब पंपाचे वंगणही असते. आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात हा दाब 1,600 बारच्याही वर जातो. पेट्रोल तो वंगणाचा थर धुऊन काढते, धातू धातूवर घासतो आणि त्याचा कीस इंजेक्टरपर्यंत पोचतो. थोडे पेट्रोल चालते, असे जुने मेकॅनिक सांगतात. तेही निराधार नाही. पूर्वीच्या काही डिझेल गाड्यांच्या पुस्तिकांत कडाक्याच्या थंडीत पेट्रोल मिसळायची मुभा असे. पण ती सवलत त्या इंजिनांची होती, आजच्या नव्हे.

मालकानेच लक्ष द्यावे, हा आक्षेप रास्त आहे, पण अपुरा. 1 एप्रिल 2019 पासूनच्या नव्या गाड्यांच्या पुढच्या काचेवर रंगीत स्टिकर असतो: पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी. तो प्रदूषण नियंत्रणासाठी आला, तरी पंपावरही उपयोगी पडू शकतो. स्टिकर बघायचा, इंधनाचे नाव मोठ्याने विचारायचे आणि मगच नळी लावायची, एवढी शिस्त तेल कंपन्यांनी लावली तर खर्च काहीच नाही. यात वेळ जातो म्हणावे, तर टाकी रिकामी करण्यापुढे ते दोन-तीन सेकंद काहीच नाहीत.

तरीही चूक झालीच, तर किल्ली फिरवू नका, स्टार्टचे बटणही दाबू नका. बहुतेक नव्या गाड्यांत इग्निशन चालू होताच टाकीतला पंप इंधन पुढे ढकलू लागतो. गाडी ढकलून बाजूला घ्या, मेकॅनिक बोलावून टाकी रिकामी करून घ्या आणि पावती जपून ठेवा. साध्या विम्यात यांत्रिक बिघाड धरत नाहीत. पंपाची चूक असेल तर ग्राहक आयोगात दाद मागताना तीच पावती पुरावा ठरते. पंपावरची शिस्त येईल तेव्हा येईल. तोवर रक्कम सांगण्याआधी इंधनाचे नाव सांगा.