फुप्फुसांतील शोथ आणि त्याचे व्रण

‘ताप उतरला, तपासणींतहि रोग नाहीं असें ठरलें, मग माडीचा जिना चढतांना दम कां लागतो?’ असा प्रश्न २०२० व २०२१ या सालीं करोनाच्या सांथींतून उठलेल्या पुष्कळ रोग्यांनीं विचारला. कित्येक घरांत त्या दमास आळस हें नांव मिळालें. खरें कारण बहुधा फुप्फुसांत असतें, व तें सुशिक्षित कुटुंबांस ठाऊक असावें असें आम्हांस वाटतें.

आपल्या दोन्ही फुप्फुसांत मिळून सुमारें ३० ते ५० कोटि सूक्ष्म वायुकोश असतात. ते उलगडून पसरले तर सुमारें ७० चौरस मीटर, म्हणजे एका बेताच्या घराएवढी, जागा व्यापतील. कोशाच्या भिंतींत दोन प्रकारच्या पेशी असतात. पहिल्या अत्यंत पातळ. त्यांतून प्राणवायु रक्तांत जातो. दुसऱ्या जाड, त्या एक स्निग्ध द्रव स्रवून कोश मिटूं देत नाहींत, आणि पातळ पेशी नष्ट झाल्यास त्यांच्या जागीं नव्या निर्माण करितात. घराच्या उपमेनें बोलावयाचें तर त्या गवंडी होत. करोनाचा विषाणु आपल्या कांट्यांनीं ‘एसीई-२’ नांवाच्या प्रथिनास चिकटतो, आणि वायुकोशांत हें प्रथिन विशेषेंकरून या गवंडी पेशींवरच असतें. म्हणजे भिंत पडते ती पडतेच, शिवाय ती पुन्हां बांधणाराहि मारला जातो.

मग शरीर प्रतिकारास उठतें. ‘श्वि’ म्हणजे सुजणें. या संस्कृत धातूपासून ‘शोथ’ शब्द झाला. रासायनिक हांक ऐकून पांढऱ्या पेशी धांवतात, केशवाहिन्या सैल होऊन त्यांतून द्रव पाझरतो. बहुतेकांत हा शोथ थोडक्यांत शमतो. कांहींत मात्र दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास विषाणु ओसरूं लागला तरी शोथ वाढतच जातो. कोश द्रवानें भरतात, केशवाहिन्यांत रक्ताच्या गुठळ्या होतात, आणि प्राणवायूचा मार्ग रुंधतो. शत्रु हटला तरी सैन्यानें आपलेंच गांव लुटावें, तशी ही अवस्था होय.

म्हणूनच येथें औषधाइतकीच त्याची वेळ महत्त्वाची. जून २०२० मध्यें ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शोथ दाबणाऱ्या डेक्सामेथासोन या स्वस्त औषधानें श्वासयंत्रावरील रोग्यांचे मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें, व नुसता प्राणवायु द्यावा लागणाऱ्यांचे सुमारें एकपंचमांशानें घटले. पण ज्यांस प्राणवायूची गरजच नव्हती त्यांस कांहींच लाभ दिसला नाहीं. तरीहि दुसऱ्याची चिठ्ठी पाहून पहिल्याच दिवशीं असलें औषध घेणारे आपल्याकडे निघालेच. २०२१ सालीं भारतांत बळावलेल्या काळ्या बुरशीच्या रोगामागें अनियंत्रित मधुमेह व अशा औषधांचा अतिरेक हीं प्रमुख कारणें होतीं.

शोथ शमल्यावर डागडुजी सुरू होते. कांहीं पेशी कोलॅजनचे चिवट तंतु विणून तात्पुरता आधार देतात. नवी भिंत उभी राहिली कीं हे तंतु विरून जातात. पण जेथें गवंडीच उरले नाहींत किंवा शोथ धुमसत राहिला, तेथें तंतु सांचून व्रण बनतो. भाजलेल्या कातडीवरील वणाप्रमाणें तो ताठर असतो. फुप्फुस पुरतें फुगत नाहीं, जाड भिंतींतून प्राणवायु कष्टानें जातो, आणि जिना चढतांना ती उणीव उघडी पडते. वृद्धांत व दीर्घकाळ श्वासयंत्रावर राहिलेल्यांत हें भय अधिक.

तथापि निराशेचें कारण नाहीं. याच कुळांतील विषाणूमुळें २००३ सालीं पसरलेल्या सार्सच्या कांहीं रोग्यांवर बीजिंग येथें १५ वर्षें लक्ष ठेविलें गेलें. त्यांच्या फुप्फुसांची बहुतेक सुधारणा पहिल्या एकदोन वर्षांत झाली. पुढें उरलेले व्रण जवळजवळ तसेच राहिले. तेव्हां आरंभींचा काळ मोलाचा. त्यांत विश्रांति व श्वसनाचा व्यायाम यांचा मेळ घालावा, घरांत विडी-सिगारेटचा धूर नसावा, आणि तीन महिन्यांनींहि दम लागत असल्यास फुप्फुसांच्या तज्ज्ञाकडून तपासणी करवावी. कारण दमाचें मूळ कधीं हृदयांत वा अशक्तपणांतहि असतें. घरांतील सून असो वा सासरे, जिन्यावर मध्येंच थांबलेल्या माणसास टोंचून बोलण्यापूर्वीं त्याच्या आंत अजून बांधकाम चालू आहे, एवढें घरच्या मंडळींनीं ध्यानीं घ्यावें.