तळ्यातला मुरूम महामार्गावर

चौपदरी रस्ता करायचा म्हणजे भराव आला, आणि भरावाला मुरूम लागतो. कंत्राटदार तो जवळची टेकडी फोडून आणतो, नाहीतर अडलेल्या एखाद्या शेतकऱ्याचं रान खणून. रस्ता पुढे सरकतो, मागे खदान तशीच पडून राहते. बुलढाणा जिल्ह्यात महामार्गांची कामं निघाली तेव्हा एक साधा सवाल पुढे आला: खणायचंच आहे, तर तळ्यात का नको?

यातून उभं राहिलेलं काम ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून ओळखलं जातं. केंद्रीय रस्तेमंत्री नितीन गडकरी यांनी तो उचलून धरला. तलाव, नाले, नद्यांची पात्रं खणून निघालेला मुरूम महामार्गाला गेला. कंत्राटदाराची रॉयल्टी वाचली आणि जलसंधारणाची खोदाई फुकटात झाली.

यात यंत्र नवं नव्हतं. पोकलेन तेच आणि टिप्परही तेच. अडचण होती ती कागदांची. गौण खनिज महसूलचं, छोटा तलाव जिल्हा परिषदेचा, मोठा जलसंपदाचा, रस्ता केंद्राचा. प्रत्येकाची फाइल वेगळी, मंजुरी वेगळी, आणि ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणायची सोय प्रत्येकाला. या फाइली एका टेबलावर आणणं हीच खरी नवी गोष्ट होती. मुरूम तर आधीपासून तिथंच होता!

मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढे परिसरात या हिशेबाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. वैनगंगेचं पाणी गोसीखुर्द धरणातून ४२६ किलोमीटरच्या कालव्यानं आणायच्या प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळानं २०२४ मध्ये मान्यता दिली. त्या कालव्याचं शेवटचं टोक म्हणजे याच तालुक्यातलं नळगंगा धरण. ते पाणी येईल तेव्हा येईल. तोवर गावतळ्यात साठेल तेवढंच आपलं.

पण तळ्यातलं सगळंच रस्त्याला चालत नाही. वरचा काळा, चिकण गाळ पावसात फुगतो आणि उन्हात भेगाळतो. भरावात घातला तर रस्ता खचलाच. तो जायला हवा शेतात. २०१७ च्या मे महिन्यात राज्यानं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना काढली ती याचसाठी. पुढच्याच वर्षी भारतीय जैन संघटनेनं बुलढाणा जिल्ह्यात ‘सुजलाम् सुफलाम्’ मोहीम घेतली: यंत्रं संघटनेची, डिझेल सरकारचं, गाळ शेतकऱ्याचा.

मेख होती ती वाहतुकीत. गाळ फुकट होता, पण तो शेतापर्यंत स्वतःच्या खर्चानं न्यायचा होता. ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा, त्यानं ट्रॉल्यांवर ट्रॉल्या नेल्या. दोन एकरवाला भाड्याचा आकडा ऐकूनच माघारी फिरणार, हे आदेश लिहितानाच कळायला हवं होतं. २०२३ मध्ये योजना नव्यानं आली तेव्हा ही चूक दुरुस्त झाली. अल्पभूधारक, विधवा आणि अपंग शेतकरी, तसंच आत्महत्याग्रस्त कुटुंबं यांना घनमीटरला ३५.७५ रुपये, एकरी १५ हजारांपर्यंत आणि जास्तीत जास्त अडीच एकरांसाठी ३७,५०० रुपये अनुदान ठरलं. सहा वर्षं लागली. पण शासन निर्णय एकदा निघाला की दगडावरची रेघ, असं मानणाऱ्या व्यवस्थेत एवढंही थोडं नाही.

खोदाईवर आक्षेपही आहेत. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी राज्याच्या ‘जलयुक्त शिवार’ या जलसंधारण योजनेतल्या कामांविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली होती. मुरूम फुकट मिळाला की हात थांबत नाही. तळाचा पाणी धरणारा थर फुटला तर तळं खोल दिसतं, पण पाणी टिकत नाही. शिवाय पाळूच्या पायथ्याशी खणलं तर पाळूच धोक्यात. म्हणून किती खोल आणि पाळूपासून किती अंतरावर खणायचं, याची आखणी आधी अभियंत्यानं जागेवर करून द्यायची आणि काम चालू असताना कुणीतरी उभं राहून बघायचं. निविदेच्या घाईत नेमकं हेच राहून जातं.

मोजमापाचंही तसंच. किती गाळ निघाला याची नोंद आता मोबाइलवरच्या ‘अवनी’ ॲपमध्ये होते. ट्रॉल्या मोजणं सोपं असतं. त्या गाळाच्या मोबदल्यात आसपासच्या विहिरींना पाणी किती महिने पुरलं, हा हिशेब अवघड. पण त्याचं साधन सरकारकडे आधीच आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. या नोंदी खणलेल्या तळ्यांच्या यादीशेजारी मांडल्या, तर कोणत्या तळ्याला पुन्हा हात लावायचा आणि कोणतं तसंच सोडायचं, हे पुढच्या उन्हाळ्याच्या आत ठरवता येईल.