जोडा करणारा आणि जोडा घालणारा : खळ्यापासून मिलानपर्यंत

आदिलाबादच्या ढोकरा ओतकामाला भौगोलिक मानांकन आहे. निर्मलच्या लाकडी खेळण्यांनाही आहे, आणि निर्मल २०१६ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं. पण जी कला गावोगाव होती, जिच्यावाचून शेतीचं काम अडायचं, त्या चामड्याच्या हातकामाची नोंद आमच्याकडे कुणी फारशी ठेवलेली नाही. वारसा म्हटलं की आपण किल्ला बघतो, बारव बघतो, मंदिराची शिखरं मोजतो. पायात काय होतं, ते कुणी विचारत नाही.

हातच्या जोड्यांचा एखादा मेळावा भरवावा, करणारे आणि शौकीन एकत्र यावेत, अशी सूचना आपल्या बैठकांत अधूनमधून निघते. सूचना चांगली आहे. पण त्याआधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. जोडा करणारा आणि घालणारा पूर्वी कुठे भेटत होते, आता कुठे भेटतात, आणि जागा बदलताना काय काय गळून पडलं?

पहिली जागा : खळं

बारा बलुतेदारांत चांभार होता हे शाळेपासून आपण ऐकतो. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या पुस्तकात ही व्यवस्था तपशिलात वाचायला मिळते. व्यवहार साधा होता. वर्षभर चांभाराने कुणब्याचं चामड्याचं काम करायचं, आणि सुगीला खळ्यावर रास पडली की आपलं बलुतं न्यायचं. तेलंगणाच्या बाजूला हेच काम मादिगा समाजाकडे होतं आणि मोबदलाही असाच धान्यात. १९५६ पर्यंत आदिलाबाद आणि नांदेड दोन्ही हैदराबाद राज्यात होते. मग किनवट आणि राजुरा आमच्या जिल्ह्यातून तुटून मुंबई राज्यात गेले. रेघ नकाशावर पडली, पण अलीकडचा चांभार आणि पलीकडचा मादिगा एकच काम करत होते. तेलुगूत चपलेला ‘चेप्पु’ म्हणतात, एवढं कानाला पुरेसं आहे.

आता ‘चामड्याचं काम’ म्हणजे फक्त वहाणा नव्हेत. जुपण्या, आसूड, आणि जिथे विहीर होती तिथे मोट. मी नोकरीची बरीच वर्षं पंपांवर काढली, म्हणून माझं लक्ष मोटेकडे आधी जातं. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी. बैलांनी ओढायची, रोज भिजायची, रोज घासायची, म्हणजे शिवण सतत उसवणार. गावातल्या चांभाराचं काम त्यामुळे वर्षभर चालू राही. पुढे लोखंडी मोट आली, मग तेलाचं इंजिन, मग विजेचा पंप. आपण या उद्योगाच्या घसरणीचा दोष कारखान्याच्या बुटावर टाकतो, पण माझ्या मते पहिला धक्का पंपाने दिला. वहाणा वर्षाला एक-दोन जोड. मोट मात्र दारात बसलेलं रोजचं काम होतं. ते गेलं आणि खळ्यावर जायचं कारणच निम्मं झालं.

या जागेचं उगाच गोडवं गायला नको. खळ्यावर दोघं भेटत, पण बरोबरीने नाही. मेलेलं जनावर ओढणारा, कातडं कमावणारा ढोर, ते शिवणारा चांभार, या सगळ्यांच्या वाट्याला शिवाशिव होती. ज्याच्या हातचा जोडा पायात चालायचा, त्याचा हात मात्र चालत नव्हता. आजही या धंद्यातली तरुण मुलं बाहेर पडतात त्याचं कारण नुसते पैसे नाहीत, हे लक्षात ठेवलं पाहिजे. पण त्या भेटीत दोन गोष्टी पक्क्या होत्या : करणाऱ्याला पावलाचं माप ठाऊक होतं, आणि जोडा तुटला तर तो दुरुस्त कुठे होणार हे घालणाऱ्याला ठाऊक होतं.

दुसरी जागा : बाजार

बाजारात माल आधी होतो, पाय नंतर येतो. बाटा कंपनी १९३१ साली भारतात उभी राहिली आणि आकड्यांचे बूट सगळीकडे पोचले. पाठोपाठ रबराची स्लिपर आली. मी याला वाईट म्हणणार नाही. स्वस्त चपलेमुळे कितीतरी अनवाणी पायांना काटे-दगडांपासून सुटका मिळाली. आमच्याकडे केसलापूरच्या नागोबा जत्रेआधी मेसराम कुळातली माणसं गोदावरीचं पाणी आणायला अनवाणी चालत जातात, पण तो त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे. गरिबीने अनवाणी राहणं वेगळं.

तरी फरक बघा. खळ्यावर माप होतं, दुरुस्ती होती. बाजारात मापाच्या जागी नंबर आला, आणि दुरुस्तीच्या जागी नवा जोड. बूट शिवणारा माणूस रस्त्याच्या कडेला पॉलिश आणि टाके मारायला उरला.

तिसरी जागा : कोल्हापूरची चप्पल लाईन

करणारे आणि शौकीन यांची आजही खरी गाठ पडते ती कोल्हापुरात. तिथे शहराच्या मध्यात चपलांच्या दुकानांची जी रांग आहे तिला लोक ‘चप्पल लाईन’ म्हणतात, आणि सुभाषनगरसारख्या वस्त्यांत कारागीर बसतात. मालाला कापशी, पुकारी, बक्कलनाली अशी नावं आहेत. कापशी हे कागल तालुक्यातलं गाव, म्हणजे चपलेच्या नावात गाव शिल्लक आहे.

ही चप्पल का टिकते ते एका इंजिनिअरच्या नजरेने सांगतो. कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. वनस्पतीतला तुरट अर्क कातड्याच्या तंतूंना धरून बसतो. याला आठवडे लागतात. क्रोमच्या रसायनाने हेच काम एखाद्या दिवसात उरकतं. पण सालीने कमावलेलं कातडं जाड राहतं, आणि पायाच्या उबेने, घामाने हळूहळू पावलाचा आकार घेतं. म्हणूनच नवी कोल्हापुरी चावते आणि जुनी झाली की सोडवत नाही. तेल पाजायचं, पावसात घालायची नाही, एवढीच तिची मागणी. शिवण चामड्याच्याच दोऱ्याची, खिळा नाही. बाजूचे कान तळात शिवलेले. वरची वेणी बहुतेक घरात बायकाच विणतात, आणि दुकानात पाटीवर नाव मात्र त्यांचं नसतं.

कोल्हापुरी नावाची असली तरी ती एकट्या कोल्हापूरची नाही. अथणी, निपाणीकडेही कारागीर आहेत. २०१९ साली मानांकन जाहीर झालं तेव्हा ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून मिळालं. सीमेवरून आयुष्यभर भांडणाऱ्या दोन राज्यांनी एका चपलेवर एकत्र सही केली. आम्हा सीमेवरच्या आदिलाबादकरांना यात शिकण्यासारखं आहे.

अडचणी आहेतच. २०१५ साली महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि कातड्याचा पुरवठा आटला. सालीने कमावणारे कमी झाले. नकली माल ‘कोल्हापुरी’ म्हणून सर्रास विकला जातो.

चौथी जागा : मिलान

जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा कंपनीने पुरुषांच्या कपड्यांचा शो केला. मॉडेलच्या पायांत कोल्हापुरीसारख्या चपला होत्या, पण कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. गदारोळ झाला, कंपनीने भारतीय पारंपरिक चपलांवरून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं, जुलैत तिची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग महामंडळ यांच्याशी करार झाला. सुमारे २,००० जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे, किंमत जोडीला ८०० युरोच्या आसपास.

काहींना हा विजय वाटतो, काहींना धूळफेक. मला वाटतं, प्रश्न किमतीचा कमी आणि नावाचा जास्त आहे. खळ्यावर करणाऱ्याला मान नव्हता, पण नाव होतं. अख्ख्या गावाला ठाऊक होतं जोडा कुणाचा. मिलानमध्ये मान भरपूर होता, नाव गायब. याच सुमारास महाराष्ट्राच्या महामंडळाने चपलांवर क्यूआर कोड आणला. तो मोबाईलने वाचला की कारागीर किंवा युनिट, जिल्हा, कच्चा माल ही माहिती दिसते. पंपवाल्या माणसाला ही युक्ती पटते : पंपावर बसवलेल्या पाटीवर बनवणारा आणि क्रमांक नसेल तर तो पंप कुणी दुरुस्तीला घेत नाही.

मेळावा भरवायचा तर

म्हणून आदिलाबादेत असा मेळावा झालाच तर तो स्टॉल लावून चपला विकण्याचा नको. त्यासाठी दुकानं आहेत. मला त्यात तीन गोष्टी हव्यात. एक, माप : कारागीर रापी-आरी घेऊन बसलेला, येणाऱ्याचं पाऊल कागदावर काढून घेणारा, आणि जोड महिन्याने देणारा. दोन, दुरुस्ती : घरात पडलेला जुना जोड घेऊन यायचा, तो समोर शिवून मिळायचा. तीन, नाव : प्रत्येक जोडावर करणाऱ्याचं, आणि वेणी विणणाऱ्या बाईचंही.

आणि मेळाव्याआधी आपण करण्यासारखं काम आहे. आपापल्या गावात कातडं कमावण्याची जागा कुठे होती, कुंड कुठे होते, शेवटची मोट कुणी शिवली, हे ऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवा. मराठी घरात विचारा, तेलुगू घरात विचारा, गोंड पाड्यावर विचारा. चांभारवाडा आणि मादिगवाडा सोडून बाकी गावाचा इतिहास आपण बराच लिहिला. ढोकऱ्याला मानांकन मिळालं कारण ते ओतणारी घरं कुणीतरी मोजली होती. जोड्याच्या बाबतीत मोजणारी शेवटची पिढी आपलीच आहे.